मोंतोने : पगारी सैनिकांनी घडवलेले गाव

इटलीच्या मध्यभागी, उंब्रिया प्रांतात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने नावाचे एक लहानसे गाव आहे. पेरुजा या प्रांताच्या मुख्य शहरापासून उत्तरेला सुमारे 40 किलोमीटरवर, एका टेकडीच्या माथ्यावर ते वसले आहे. वस्ती दीड-दोन हजारांच्या आत-बाहेर. भोवती जुना तट, आत चढउताराच्या अरुंद दगडी गल्ल्या, खाली टायबरला मिळणाऱ्या कार्पिना ओढ्याचा परिसर. इटलीतील सर्वांत सुंदर खेड्यांच्या यादीत या गावाचे नाव आहे आणि प्रवाशाला त्याची ओळख करून दिली जाते ती बहुधा शांत, निवांत, काळाच्या ओघातून सुटलेले ठिकाण म्हणून. ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. मोंतोनेत आज जे पाहण्यासारखे आहे, त्यातले बरेचसे पगार घेऊन लढणाऱ्या माणसांमुळे तिथे आले; गावाने जे गमावले, तेही त्यांच्याच पायी. पंधराव्या शतकातला सेनापती ब्राच्यो फोर्तेब्राच्यो आणि 1944 साली या खोऱ्यात धारातीर्थी पडलेले कोकणातले नाईक यशवंत घाडगे या दोघांची स्मृती आज याच एका गावात नांदते आहे. हा केवळ योगायोग मानून पुढे जाणे सोपे आहे. परंतु या दोघांना शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मोंतोने समजत नाही, असे म्हणायला पुरेसा आधार आहे.

ब्राच्योचा काळ समजून घ्यायचा तर त्या काळच्या इटलीतील युद्धाची रीत आधी ध्यानात घ्यावी लागते. इटली तेव्हा एक देश नव्हता. मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, नेपल्स आणि पोपचे राज्य अशा मोठ्या सत्ता आणि त्यांच्या फटीत जगणारी असंख्य छोटी नगरे, असा तो पट होता. व्यापारी नगरांकडे पैसा होता, पण नागरिकांना वर्षानुवर्षे हत्यार हाती घेऊन बाहेर राहणे परवडत नव्हते. म्हणून युद्धाचे काम ठेक्याने दिले जाई. सेनापती आणि सरकार यांच्यात लेखी करार होत असे. किती स्वार, किती पायदळ, किती महिन्यांची चाकरी, पगार किती, लुटीत आणि कैद्यांच्या खंडणीत वाटा कोणाचा, हे त्यात कलमवार लिहिलेले असे. स्वारांची मोजणी 'भाल्यां'त होई आणि एका भाल्यात साधारणपणे तीन माणसे धरली जात. आपल्याकडच्या शिलेदाराची आठवण व्हावी अशी ही पद्धत असली, तरी मोठा फरक असा, की हा सेनापती मुदत संपली की दुसऱ्या धन्याकडे, अगदी कालच्या शत्रूकडेही, उघडपणे जाऊ शकत असे. त्यात कोणाला वावगे वाटत नसे. तलवार हा धंदा होता आणि टायबरच्या वरच्या खोऱ्यातील डोंगराळ, कमी पिकाच्या मुलखात हा धंदा पत्करणारी घराणी भरपूर होती.

फोर्तेब्राच्यो हे त्यांतलेच एक घराणे. 1368 साली जन्मलेल्या आंद्रेआला पुढे सगळी इटली 'ब्राच्यो दा मोंतोने' म्हणून ओळखू लागली. पेरुजातील सत्तास्पर्धेत त्याच्या घराण्याला देशोधडीला लागावे लागले आणि वडिलोपार्जित मोंतोनेही हातचे गेले. आल्बेरिको दा बार्बियानो या नामांकित सेनापतीच्या हाताखाली तो युद्ध शिकला. तिथेच त्याला मुत्सियो आत्तेंदोलो, म्हणजे स्फोर्झा घराण्याचा मूळपुरुष, हा सोबती मिळाला. पुढे हे दोघे जन्माचे प्रतिस्पर्धी झाले आणि इटलीतील भाडोत्री सैन्यांचे 'ब्राच्योपंथी' आणि 'स्फोर्झापंथी' असे दोन तटच पडले. ब्राच्योच्या लढण्याचे वैशिष्ट्य असे, की तो सगळे घोडदळ एकदम रणात लोटत नसे. लहान लहान तुकड्या आळीपाळीने पुढे घाली, थकलेली तुकडी मागे घेई आणि ताजी पाठवी. 12 जुलै 1416 रोजी सांत'एजिदिओच्या लढाईत त्याने कार्लो मालातेस्ताला हरवून कैद केले आणि ज्या पेरुजाने त्याला हाकलले होते, त्याच पेरुजाचा तो धनी झाला. दुसऱ्या वर्षी काही आठवडे रोमही त्याच्या ताब्यात होते. पोप मार्टिन पाचवा याच्याशी त्याचे वाकडे आले, मग तह झाला, मग पुन्हा वैर. अखेर लाक्विला नगराला वेढा घालून बसलेल्या ब्राच्योचा 2 जून 1424 रोजी पराभव झाला आणि जखमी अवस्थेत तीन दिवसांनी तो मरण पावला. त्याच्या आधी पाच महिने, लाक्विलाच्या मदतीला निघालेला स्फोर्झा पेस्कारा नदीत बुडून मेला होता. दोघांचाही शेवट एकाच मोहिमेत झाला. पोपने ब्राच्योला ख्रिस्ती संस्काराने मूठमातीही मिळू दिली नाही. त्याच्या अस्थी पेरुजाला परतल्या त्या 1432 साली.

आता या माणसाने मागे ठेवले काय, ते पाहू. पेरुजात कॅथीड्रलच्या कडेला उभी असलेली कमानींची पडवी आजही ब्राच्योच्या नावाने ओळखली जाते. त्रासिमेनो सरोवराचे पाणी वाढून काठची शेती बुडत असे, म्हणून जादा पाणी काढून देणारा भुयारी कालवा त्याने खणवला. मोंतोनेत संत फ्रान्सिसचे चर्च आहे. चौदाव्या शतकातले, एकाच लांब दालनाचे, साधे. त्याच्या वेदीमागच्या भिंतींवर फेराराच्या अंतोनियो आल्बेर्तीने 1422-23 च्या सुमारास संत फ्रान्सिसच्या चरित्रातील प्रसंग रंगवले, ते ब्राच्योच्या पैशावर. हे साल महत्त्वाचे आहे. तेव्हा ब्राच्यो सत्तेच्या शिखरावर होता, नेपल्सच्या राजकारणात मोठमोठ्या पदव्या मिळवत होता, आणि त्याच सुमारास तो आपल्या छोट्याशा गावातल्या चर्चची भिंत गरिबीचे व्रत घेतलेल्या साधूच्या कथेने सजवत होता. त्याचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या चाकरीत गेला. ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला मानला जाणारा एक काटा त्याला व्हेनिसकडून मिळाला आणि 1473 साली त्याने तो मोंतोनेला अर्पण केला. या पवित्र काट्याचा उत्सव गावात आजही दर ऑगस्टमध्ये होतो. गावाचे तीन भाग, म्हणजे बोर्गो, मोंते आणि व्हेर्झिएरे, त्या दिवसांत जुना पोशाख घालून एकमेकांशी चुरशीने स्पर्धा करतात. भिंतीवरची चित्रे असोत की गावाचा सर्वांत मोठा सण, दोन्हींच्या मुळाशी तलवारीची कमाई आहे.

पण तलवारीने आणलेले तलवारीने नेलेही. कार्लोने पेरुजा परत मिळवण्याची खटपट केली, तेव्हा पोप सिक्स्टस चौथा याच्या फौजांनी 1477 साली मोंतोनेला वेढा घातला. गाव शरण आले आणि ब्राच्योचा किल्ला पाडून टाकण्यात आला. त्याचे उरलेले अवशेष आजही गावाच्या वरच्या टोकाला दिसतात. पुढे 1482 साली बार्तोलोमेओ कापोराली याने गावासाठी मिरवणुकीत नेण्याचे एक मोठे निशाण रंगवले. त्यात मेरीच्या झग्याखाली आसऱ्याला आलेली माणसे आहेत आणि अगदी तळाशी तटबंदीचे मोंतोने गाव दाखवले आहे. हे निशाण त्याच चर्चमध्ये, म्हणजे आताच्या संग्रहालयात, पाहायला मिळते. वेढ्याच्या आठवणी ताज्या असताना त्यापुढे हात जोडणारे लोक काय मागत असतील, हे सांगायला कागदपत्र लागत नाही. याच कापोरालीने आणि त्याचा भाऊ जियापेको याने 1469 साली इथल्या फ्रान्सिस्कन मठासाठी सोन्याने आणि रंगांनी नटवलेली एक प्रार्थनापोथी तयार केली होती. ती आज अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयात आहे. घराणे उतरणीला लागले, गाव पुढे व्हितेल्ली घराण्याकडे आणि नंतर थेट पोपच्या राज्यात गेले, आणि 1860 मध्ये नव्या इटलीत सामील होईपर्यंत त्याच्या नावाला मोठ्या राजकारणात जागा उरली नाही.

इथे एक जुना आक्षेप उभा राहतो. पगारासाठी लढणाऱ्यांचा एवढा मोठेपणा कशाला? हा आक्षेप घेणारा माणूस लहानसहान नाही. माकियाव्हेलीने 'द प्रिन्स'मध्ये भाडोत्री सैन्यावर कडक टीका केली आणि ब्राच्यो व स्फोर्झा यांची नावे घेऊन इटलीच्या दुर्दशेचे खापर या पद्धतीवर फोडले. असे सैनिक मरायला तयार नसतात, त्यांची युद्धे लुटुपुटीची असतात, असे त्याचे म्हणणे. याच खोऱ्याच्या वरच्या टोकाला 1440 साली झालेल्या अंगियारीच्या लढाईत ब्राच्योच्या तालमीतला निक्कोलो पिच्चिनिनो हरला. त्या लढाईत एकच माणूस मेला आणि तोही घोड्यावरून पडून, असे माकियाव्हेलीने लिहून ठेवले. समकालीन नोंदी वेगळे सांगतात; त्यांत मृतांची संख्या शेकड्यांत आहे. माकियाव्हेली फ्लॉरेन्सच्या नागरी सेनेचा कैवारी होता आणि त्याला एक मुद्दा सिद्ध करायचा होता, हे विसरून चालणार नाही. त्याची राजकीय तक्रार रास्त आहे. ज्यांना देश नाही, त्यांच्या हाती देशाचे रक्षण सोपवणे धोक्याचेच. परंतु पगार घेतला म्हणून शौर्य खोटे ठरते, हा त्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. ब्राच्यो आणि स्फोर्झा दोघेही मोहिमेवरच मेले. सैनिकाची पारख त्याच्या पगारावरून होत नाही. तो कोणाच्या फायद्यासाठी लढला आणि तो फायदा ठरवण्यात त्याला स्वतःला काही आवाज होता का, यावरून ती झाली पाहिजे. हीच कसोटी पुढे 1944 ला लावायची आहे.

4 जून 1944 रोजी दोस्तांनी रोम घेतले, 20 जूनला पेरुजा. जर्मन सेनापती केसेलरिंगला उत्तरेकडची गॉथिक तटबंदी पुरी करायला वेळ हवा होता. त्यामुळे माघार घेणारे जर्मन सैन्य प्रत्येक टेकडी, प्रत्येक वळण लढवत होते. टायबरचे वरचे खोरे अशा लढाईसाठीच जणू बनलेले आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून एक रस्ता आणि रस्त्यावर नजर ठेवणारी मोंतोनेसारखी गावे. ब्राच्योच्या पूर्वजांनी ज्या कारणासाठी ही टेकडी निवडली, त्याच कारणासाठी जर्मनांनीही ती धरली. जूनअखेरीस या खोऱ्यात आठव्या भारतीय डिव्हिजनची जागा दहाव्या भारतीय डिव्हिजनने घेतली. तिचा सेनापती मेजर जनरल डेनिस रीड 1942 मध्ये आफ्रिकेत पकडला जाऊन इटलीतच युद्धकैदी म्हणून राहिला होता आणि तिथून निसटला होता. त्याआधी, 1941 साली एरिट्रियातील केरेनच्या लढाईत, तो पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचा प्रमुख होता आणि तेव्हा समोर शत्रू होता इटालियन सैन्याचा. आता तीच पलटण त्याच्या डिव्हिजनमध्ये होती आणि इटलीची गावे मोकळी करत उत्तरेला सरकत होती. दरम्यान सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने शस्त्रे खाली ठेवली होती, जर्मनांनी देशाचा ताबा घेतला होता आणि डोंगरांत इटालियन गनिमी तुकड्या उभ्या राहिल्या होत्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मोंतोने मोकळे झाले. लढाई मात्र आसपासच्या डोंगरांवर चालूच राहिली.

10 जुलै 1944. मराठा पलटणीची एक कंपनी मजबूत जर्मन ठाण्यावर चालून गेली. नाईक यशवंत घाडगे यांच्या हाताखालच्या रायफल सेक्शनवर अगदी जवळून मशिनगनचा मारा सुरू झाला आणि सेक्शनमधला एकही माणूस उभा राहिला नाही. काही मेले, बाकीचे जखमी झाले. उरले फक्त घाडगे. त्यांनी एकट्याने त्या मशिनगनवर धाव घेतली. आधी हातबाँब टाकून मशिनगन आणि ती चालवणारा निकामी केला, मग टॉमीगनने आणखी एकाला टिपले. गोळ्या संपल्या. नवे मॅगझिन भरायला सवड नव्हती. त्यांनी बंदूक नळीच्या बाजूने धरली आणि दस्त्याच्या घावांनी उरलेल्या दोघांना संपवले. ठाणे बंद पडले, आणि त्याच वेळी लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते कोसळले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आज त्यांची कबर किंवा समाधी कुठे आहे, हे कोणालाच ठाऊक नाही. त्यांचे नाव दक्षिणेला कासिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. त्यांचे गाव पळसगाव, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले.

ब्राच्यो आणि घाडगे यांना एका ओळीत बसवणे ओढूनताणून आहे, असे कोणी म्हणेल. एक राज्यांचा सौदा करणारा सरदार, दुसरा सेक्शन सांभाळणारा नाईक. मध्ये पाच शतके. हा फरक खरा आहे आणि तोच इथे महत्त्वाचा आहे. ब्राच्योला कराराची कलमे ठरवता येत होती. धनी पटला नाही तर सोडता येत होता. कमाई तो आपल्या गावी नेऊ शकला; म्हणून त्याचा चेहरामोहरा, त्याचे घराणे, त्याच्या चर्चमधली चित्रे आज आपल्याला ठाऊक आहेत. घाडग्यांच्या पिढीला असा सौदा कधीच करता आला नाही. कोकणात एका पावसाळ्याची भातशेती, तुकड्या-तुकड्यांत वाटलेली जमीन, आणि घर चालवायला दोनच मोठ्या वाटा : मुंबईची गिरणी किंवा पलटण. युद्ध कोणाशी, कुठे आणि कशासाठी, हे लंडनमध्ये ठरत होते. भारताला युद्धात ओढण्याआधी भारतीय नेत्यांना विचारलेसुद्धा नव्हते. दोघेही पगारी सैनिक. पण एकाच्या हाती करार होता, दुसऱ्याच्या हाती फक्त कर्तव्य. म्हणूनच दोघांचे शौर्य एका तराजूत घालता येत नाही आणि म्हणूनच आठवणीचे देणे आपण दुसऱ्याचे अधिक लागतो.

याहून अवघड आक्षेप आपल्याच घरातून येतो. ज्या साम्राज्याने 1942 मध्ये 'चले जाव' म्हणणाऱ्यांना तुरुंगात टाकले, ज्याच्या राज्यात 1943 साली बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली, त्या साम्राज्यासाठी लढलेल्यांचा गौरव का करायचा? 1944 च्या त्याच उन्हाळ्यात आझाद हिंद सेनेचे जवान इंफाळच्या आघाडीवर होते. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर देताना टायबरच्या खोऱ्यातली माणसेही डोळ्यांसमोर हवीत. मोंतोनेखालच्या उंबेर्तिदे गावात 25 एप्रिल 1944 रोजी दोस्तांच्याच बाँबहल्ल्यात सत्तरच्या आसपास नागरिक मेले. आणि जर्मन सैन्य माघार घेत असताना, 28 जूनला, जवळच्या पेनेतोला इथे बारा निरपराध माणसांची हत्या झाली. घाडगे ज्या मशिनगनवर धावून गेले, ती ही हत्या करणाऱ्या जर्मन राजवटीची होती. साम्राज्याचा हेतू आणि सैनिकाच्या कृतीचे फळ या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. उंब्रियातल्या शेतकऱ्याला त्या जुलैमध्ये जी सुटका मिळाली, ती खरी होती. ती मिळवून देणाऱ्याच्या स्वतःच्या देशाला ती अजून मिळाली नव्हती, हेही खरे. या दोन सत्यांपैकी एकासाठी दुसरे लपवण्याची गरज नाही. युद्ध संपेपर्यंत सुमारे 25 लाख माणसे भारतीय सैन्यात भरती झाली. त्यांना केवळ साम्राज्याचे चाकर म्हणून सोडून देणे म्हणजे इतक्या घरांच्या आठवणी इतिहासाबाहेर ठेवणे होय.

मोंतोनेने ही चूक केली नाही. जुलै 2023 मध्ये गावच्या नगरपालिकेने आणि इटालियन लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी यशवंत घाडगे यांच्या नावाचे स्मारक उभारले. ते पुतळ्याच्या रूपात नाही, सूर्यघड्याळाच्या रूपात आहे, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत असा भाव त्यावर लिहिला आहे. परक्या सैनिकाचे स्मारक म्हणजे गावाच्या मध्ययुगीन चेहऱ्यावर लावलेले ठिगळ, असे म्हणणारा ब्राच्योचा सगळा इतिहास विसरलेला असतो. या टेकडीचा इतिहास सैनिकांच्याच पावलांनी भरलेला आहे. हाताघाईत माणसे मारणाऱ्याचा गौरव कसा करावा, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांना या स्मारकाचे रूप हेच उत्तर आहे. मशिनगनपाशी मेलेले जर्मनही कोणाचे तरी मुलगे होते, हे नाकारून घाडग्यांचा सन्मान होत नाही आणि तसे करायची गरजही या गावाला वाटली नाही. शिवाय ज्या सैनिकाची कबर ठाऊक नाही, त्याला उभे राहून नमस्कार करण्यासाठी एक जागा लागते. ती त्यांना 79 वर्षांनी मिळाली.

इटलीला जाणारे मराठी प्रवासी रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करतात. वेळ असला तर असिसी. असिसीपर्यंत गेलात, तर आणखी एक दिवस काढा. पेरुजात ब्राच्योची पडवी पाहा, मग टायबरच्या खोऱ्यातून उत्तरेला मोंतोनेला चढा. आधी संत फ्रान्सिसच्या चर्चमधली चित्रे आणि कापोरालीचे निशाण पाहा, मग पाडलेल्या किल्ल्याची जागा, आणि शेवटी घाडग्यांचे स्मारक. या क्रमाने पाहिले की गाव स्वतःच आपला इतिहास सांगते. इटलीच्या मोहिमेत 50,000 हून अधिक भारतीय सैनिक लढले, त्यांपैकी 5,782 परत आले नाहीत. या मोहिमेत दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैन्याच्या वाट्याला आले आणि त्या सहांत दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे : यशवंत घाडगे आणि एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीवर लढलेले नामदेव जाधव. उंब्रियातल्या दीड-दोन हजार वस्तीच्या गावाने आपल्या एका माणसाची आठवण जागती ठेवली आहे. ज्यांना तिथवर जाणे शक्य नाही, त्यांनी मुंबई-गोवा रस्त्याने जाताना माणगावला थांबावे. घाडग्यांचा पुतळा तिथेही आहे, आणि त्यांची हकीकत आपल्या मुलांना सांगण्याचे काम मोंतोनेच्या लोकांचे नाही, आपले आहे.